देहवय

ठोसर बाईंचं वय एकोणीस वर्षांनी कमी झालं ते एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, नगरपालिकेच्या चार नंबरच्या खिडकीवर.

"बावन्न," खिडकीतला सुहास दळवी म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "बाई, अभिनंदन करू की सॉरी म्हणू, मलाच कळेना."

सुहास त्यांचा विद्यार्थी. नलिनी ठोसरांनी निमखेडच्या शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवली होती, त्यामुळे गावातला निम्मा कारभार त्यांच्यापुढे आपोआप पाय जुळवून उभा राहायचा. सुहास आता पंचेचाळिशीला आला होता, तरी बाई दिसल्या की त्याचं पोट आत जायचं.

"अरे, एकाहत्तर पूर्ण झाली मला. जन्मदाखला बघ."

"जन्मदाखला आता वाढदिवसापुरता, बाई. घरपट्टीला देहवय."

देहवयाचा नियम येऊन दोन वर्षं झाली होती. माणसं नव्वदी सहज ओलांडू लागली, गावातल्या घरमालकांपैकी अर्धे 'ज्येष्ठ' झाले आणि ज्येष्ठांना घरपट्टीत निम्मी सवलत देता देता पालिकेकडे दिवाबत्तीला पैसे उरेनात. तेव्हा वर कुणीतरी विचारलं, की रोज डोंगर चढणारा पंचाहत्तरीचा माणूस आणि साठीतच खंगलेला माणूस, यांतला म्हातारा नेमका कोण? आणि त्याचं उत्तर देणारं यंत्र एव्हाना बाजारात आलंच होतं.

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. त्यात माणसाची थोडी लाळ घालायची. लाळेत तोंडाच्या आतल्या पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत डीएनए असतो, म्हणजे शरीर चालवायच्या सूचनांचं एक भलंमोठं पुस्तक. पुस्तकातली अक्षरं जन्मभर तीच राहतात. पण आयुष्य त्या पुस्तकाच्या समासात बारीक खुणा करत जातं. मिथाइल नावाचे चिमुकले रासायनिक गट जागोजागी चिकटतात, काही ठिकाणचे गळतात. ही ओळ वाचा, ही वाचू नका, एवढंच त्या खुणा पेशीला सांगतात. कुठल्या जागी किती खुणा आहेत यावरून शरीर किती वापरलं गेलंय ते कळतं. जागरणं, सततचा ताण, उपासमार, आजारपण यांनी खुणा भराभर वाढतात; पोटभर झोप आणि रोजचा व्यायाम त्यांना धरून ठेवतो. यंत्र अशा आठशे जागा तपासायचं आणि चाळीस मिनिटांत एक आकडा द्यायचं. चूक झाली तर फार तर दोन वर्षांची.

आकडा साठ किंवा वर गेला, तर सवलत.

"मग यांच्या नावाने दे ना," बाई म्हणाल्या. "चार वर्षं अंथरुणावर आहेत. ऐंशी टक्के दिव्यांग, प्रमाणपत्र आहे घरात."

सुहासने नजर खाली घातली. "सर मालक नाहीत, बाई. घर तुमच्या आणि सूनबाईंच्या नावावर आहे."

घर घेताना हा हिशेब त्यांच्या नवऱ्याने, दिनकररावांनीच केला होता. बायकांच्या नावावर खरेदी केली की मुद्रांक शुल्क कमी पडतं, म्हणून सासू आणि सून अशा दोघींची नावं कागदावर चढवून ते आठवडाभर मिशीत हसत होते. त्यानंतर वर्षभरातच त्यांना पक्षाघात झाला. आता ज्या घरात ते आडवे होते, त्या घराशी कागदोपत्री त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

"अपील करता येतं," सुहास हळूच म्हणाला. "एकवीस दिवसांनी फेरतपासणी. पण अपिलात सगळ्या मालकांची लाळ लागते. सूनबाईंनाही आणावं लागेल."

"तिची कशाला? छत्तीस वर्षांची पोर ती."

"नियम आहे, बाई."

*

बाई घरी आल्या त्या रागावलेल्या आणि आतून थोड्या सुखावलेल्याही. बावन्न! रोजचं सहा किलोमीटर चालणं, टेकडीवरचा योगवर्ग, संध्याकाळचं भजनी मंडळ, दहाच्या ठोक्याला झोप. कुठे वाया गेलं नव्हतं काही.

शेजारच्या मंदा कुलथेंनी मात्र कपाळावर हात मारला. "एवढं ठणठणीत राहून काय मिळवलंत? आमच्या ह्यांचं अठ्ठावन्न आलं होतं. घरी बसवलं. फिरणं बंद, पोळ्याचा बैल असल्यासारखं खायला घातलं. एकवीस दिवसांनी साठ!"

"मुद्दाम म्हातारं व्हायचं?"

"गावात सगळेच होतात, ठोसर बाई. तुम्हीच एक शिस्तीच्या."

शिस्तीचंच म्हणाल, तर बाईंनी आळसाचंही वेळापत्रक केलं. सकाळी सहा ते नऊ, बसणे. नऊ ते बारा, बसणे, मध्ये तळलेलं काहीतरी खाणे. टेकडी बंद, भजन बंद. दिवाणखान्यातली आरामखुर्ची त्यांनी अशी लावली की स्वयंपाकघरही दिसेल आणि दिनकररावांची खोलीही. गेल्या चार वर्षांत त्या दिवसाउजेडी घरात सलग तासभर कधी थांबल्या नव्हत्या. यांना असं बघितलं की दम कोंडतो माझा, असं त्या सुरुवातीला एकदा म्हणाल्या होत्या, आणि सून कस्तुरी म्हणाली होती, "आई, तुम्ही जाऊन या. मी आहे ना."

आता खुर्चीत बसून त्यांना त्यांच्याच घराचा दिवस दिसू लागला.

दर दोन तासांनी कस्तुरी सासऱ्यांची कूस बदलायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. चादरीचं टोक मनगटाला गुंडाळून, गुडघा पलंगाला टेकवून ती त्यांना ओढायची. मग पातळ पेज. एकेक चमचा, घास उतरेपर्यंत थांबून, नाहीतर ठसका लागायचा. एक वाटी पेजेला पाऊण तास. मध्येच कानाला हेडफोन लावून ती एका कंपनीचे विम्याचे कागद तपासायची, ती तिची नोकरी. तिची चौदा महिन्यांची लेक रेवा झोळीत, आणि झोळीची दोरी कस्तुरीच्या पायाच्या अंगठ्याला. हात कीबोर्डवर, पाय हलतोय.

"चहा टाकतेस का गं?" बाई खुर्चीतून विचारायच्या. उठायचं तर नव्हतंच.

"टाकते आई."

भाजी आणणं, औषधं आणणं ही दोन कामं तेवढी आजवर बाईंची होती. तीही आता कस्तुरीवर गेली. कुणी ठरवलं नाही, आपसूक गेली.

एकदा दुपारी चारला बाईंना कपडे धुण्याच्या यंत्रावर ताटली दिसली. त्यात अर्धी पोळी, वाळून कडक झालेली. "हे कुणाचं उष्टं?"

"उष्टं नाही, माझं जेवण ते. जेवतेच आहे."

बाराव्या दिवशी त्यांनी पाहिलं, कस्तुरी फ्रीजच्या दाराला कपाळ टेकवून डोळे मिटून उभी होती. मिनिट झालं, दोन झाली.

"काय गं?"

"काही नाही आई. गार वाटतं."

तरुण आहे, होतं असं, बाई मनाशी म्हणाल्या. आपण नाही का मुलाच्या, हर्षदच्या वेळी शाळा सांभाळून सगळं केलं? मग त्यांना आठवलं की तेव्हा घरी त्यांची आई होती, आणि एक आत्या होती, आणि अंथरुणावर कुणीच नव्हतं. हा विचार त्यांना आवडला नाही. त्यांनी चकलीचा डबा जवळ ओढला.

*

फेरतपासणीला दोघी रिक्षाने गेल्या, रेवा मांडीवर. रिक्षा निघताच कस्तुरीचं डोकं मागे कलंडलं आणि पालिकेपर्यंत ती उठली नाही. बाईंना बरं वाटलं. वारा खाते आहे पोर.

तपासणीला शबाना मुजावर नावाची तंत्रज्ञ होती, तिशीची, बोलकी. "मावशी, किती दिवस बसून काढलेत? खरं सांगा, सगळेच करतात."

"एकवीस," बाईंनी कबूल केलं.

चाळीस मिनिटांनी शबाना कागद घेऊन आली तेव्हा बोलकेपणा गेला होता. तिने कागद टेबलावर ठेवला आणि तो हातानेच झाकून धरला.

"नलिनी ठोसर, एक्कावन्न."

"काय? कमी झालं?"

"आराम झाला ना, मावशी. आयतं खाणं, दुपारची झोप. आरामाने वय वाढत नाही. ज्यांचं वाढलं म्हणतात ना, त्यांचं यंत्राच्या त्या दोन वर्षांच्या फरकात बसतं." तिने हात उचलला. "कस्तुरी ठोसर. एकसष्ट."

खोलीत पंखा फिरत होता. रेवा टेबलाची कड चोखत होती.

"कागद बदललेत," बाई म्हणाल्या.

"नाही हो."

"बदललेत! ही पोर आहे, मी म्हातारी. डोळे आहेत ना तुला? माझी लाळ तिच्या नावावर लावलीस तू." आवाज मैदानावरचा लागला होता. बाहेरच्या रांगेतले लोक दारात आले, सुहास धावत आला. "पुन्हा कर. माझ्यासमोर कर."

शबानाने पुन्हा केलं. नव्या नळ्या काढल्या. बाईंनी स्वतः दोन्हींवर नावं लिहिली, आपल्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. चाळीस मिनिटं त्या यंत्रावरून नजर न हलवता उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात त्या वेळी काय होतं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. आपण एकसष्टच्या निघू दे, असं त्या मागत होत्या. एकसष्टच काय, नव्वदच्या निघू दे.

एक्कावन्न. एकसष्ट.

सुहासच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "चला, म्हणजे सवलत बसली. एका तरी मालकाचं साठच्या वर..." आणि त्याने जीभ चावली.

कस्तुरी हसली. अगदी सहज, लहानसं. मग तिने रेवाला उचलून घेतलं आणि विचारलं, "ताई, ही दहावीला जाईल तेव्हा मी किती?"

"तसं नसतं ते," शबाना घाईने म्हणाली. "ही मरणाची तारीख नाही. झीज आहे. आणि झीज मागे येते, अभ्यास झालेत त्यावर. बाळंतपणात चढलेल्या खुणा नंतर उतरतात, झोप मिळाली की उतरतात. रात्री किती झोपता?"

कस्तुरीने मनात मोजलं. "सलग म्हणजे... दीड तास? बाबांना दोन-दोन तासांनी वळवायचं असतं ना. मध्ये ही उठते."

"कधीपासून?"

"चार वर्षं. मध्ये हिच्या वेळी दवाखान्यात तीन दिवस झोपले होते मी."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. त्या तीन दिवसांची आठवण येऊन तिचा चेहरा उजळलाच होता.

शबानाने बाईंकडे पाहिलं नाही. कागदाकडे बघत म्हणाली, "या गावात असे आकडे मी आणखी दोन पाहिलेत. दोघीही बायका. दोघींच्याही घरात आजारी माणूस."

बाईंनी टेबलाची कड धरली. आपली एकोणीस वर्षं कुठे गेली हे त्यांना आता समोर दिसत होतं. ती हवेत विरली नव्हती. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, मुलीच्या तोंडातून कागदाचा तुकडा काढत बसली होती.

*

संध्याकाळी हर्षद आला. सौर प्रकल्पावर बारा तासांची पाळी, वर येण्या-जाण्याचे दोन तास. तो दारातूनच अर्धा झोपलेला असायचा. आईने त्याला सगळं सांगितलं. तो पायातले बूट हातात घेऊन ऐकत राहिला.

"एकसष्ट? कस्तुरी?" मग त्याला काय बोलावं सुचेना. आणि सुचेनासं झालं की माणूस बोलू नये तेच बोलतो. "म्हणजे... पुढच्या वर्षीही तेवढंच राहिलं की सवलत सुरूच?"

आतून दिनकररावांचा श्वास ऐकू येत होता.

"मी गंमत केली," हर्षद म्हणाला.

"कर," कस्तुरी म्हणाली. "केलीस तर केलीस. पोळ्या गार होतायत."

"तू बस खाली," बाई ओरडल्या. "बस म्हणते ना! आणि तू रे? तुझ्या बापाची कूस कधी बदललीस शेवटची?"

"आई, मला पहाटे गाडी चालवायची असते. हीच म्हणाली होती, तू झोप..."

"मलाही हीच म्हणाली. सगळ्यांना हीच म्हणाली. आणि आपण झोपलो!" बाईंचा आवाज फाटला. "अरे, आपण खरंच झोपलो रे."

हर्षद बूट हातात घेऊनच खाली बसला. त्याने बायकोकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं असावं. कानामागे पांढरे झालेले केस, हाताच्या शिरा. तो रडायला लागला तेव्हा कस्तुरी उठून त्याच्यासाठी पाणी आणायला निघाली आणि बाईंनी तिचा दंड धरला.

"त्याचं तो आणेल."

त्या रात्री आपल्याला जागता यावं म्हणून हर्षदने फोन करून दुसऱ्या दिवसाची रजा सांगितली. पण कस्तुरी दर दोन तासांनी जागी होतच राहिली, कुणी न उठवता. शरीराला झोपायचं कसं तेच आठवत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला बाईंनी तिला मागच्या खोलीत नेलं, पडदे ओढले आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या. "दोनला बाबांना वळवायचंय," आतून आवाज आला. "मी वळवते." "पेज..." "झोप!" अर्ध्या तासाने आतला पलंग करकरायचा थांबला.

दोनला बाई नवऱ्याच्या खोलीत गेल्या. मुलांना कोलांट्या शिकवलेल्या बाईंना एक माणूस वळवता येईना. चादर हातातून निसटली. दिनकररावांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यांना धक्का बसला. तो खांदा त्यांना ओळखूच आला नाही, इतका हलका झाला होता. चार वर्षांत त्यांनी या माणसाला दारातूनच पाहिलं होतं. त्या जोर लावून ओढायला गेल्या आणि दिनकरराव मोठ्याने ओरडले. त्यांना शब्द फुटत नसत, नुसता आवाज निघे.

"शू, शू! अहो, ती झोपलीय." बाईंनी घाबरून मागच्या खोलीकडे कान दिला. पलंग वाजला नाही. मग त्यांनी कस्तुरीसारखा गुडघा टेकवला, चादर मनगटाला गुंडाळली आणि हळूहळू ओढली. पाठीवर एकही जखम नव्हती. चार वर्षं अंथरुणावर पडलेल्या माणसाची पाठ, आणि लहान मुलासारखी स्वच्छ. ते बघून बाई तिथेच पलंगाच्या कडेवर बसल्या.

पावणेचारला दारावर टकटक झाली. बेल वाजू नये म्हणून बाईंनी सकाळीच तिची तार काढून ठेवली होती. सुहास होता, हातात टॅबलेट.

"बाई, सूनबाईंचा अंगठा हवाय. सवलत मंजूर झालीय, पण लाभार्थीचा अंगठा आजच घ्यायचा. आज शेवटची तारीख. पाचला यादी बंद होते."

"ती झोपलीय."

"एक मिनिटाचं काम आहे."

"झोपलीय म्हणते ना."

सुहासने घाम पुसला. "मग झोपेतच लावतो. बोट नुसतं टेकवायचं. कळणारही नाही त्यांना."

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सुहास, तिच्या सलग झोपेच्या दर तासाला मी देवापुढे साखर ठेवते आहे. सव्वादोन तास झालेत. तू पाऊल आत टाकलंस तर आजही तुला मैदानाला फेऱ्या मारायला लावीन."

"बाई, वर्षाची सवलत जाईल. निम्मी घरपट्टी."

"जाऊ दे."

"मग कारण लिहावं लागेल. अंगठा का नाही ते." त्याने टॅबलेट त्यांच्यापुढे धरला. चार चौकोन होते. घराला कुलूप. लाभार्थी स्थलांतरित. लाभार्थी मयत. लाभार्थीचा नकार.

तिसऱ्या चौकोनावर बाईंची नजर थांबली. झोपलेल्या माणसासाठी त्या यंत्रात जागाच नव्हती.

"नकार लिही."

"पण त्यांनी कुठे नकार..."

"मीही मालकीण आहे या घराची. लिही."

सुहासने बोट टेकवलं. निघता निघता त्याला राहवेना. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, बाई. म्हणजे, आकडा तेवढाच राहिला तर."

"राहणार नाही," बाई म्हणाल्या. "राहू देणार नाही मी."

त्यांनी दार आवाज न करता लोटलं. चार वाजत आले होते. रेवा शेजारी मंदाकडे होती, हर्षद झोळी बांधायचा दोर आणायला गेला होता, आता ती दिनकररावांच्या खोलीत बांधायची असं ठरलं होतं. बाई पलंगापाशी गेल्या. चादर मनगटाला गुंडाळली, गुडघा टेकवला आणि नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"वळवतेय हं. मला अजून नीट जमत नाही, दुखेल. पण आवाज करू नका. कस्तुरी झोपलीय."

दिनकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग जेवढे हलत होते तेवढे ओठ त्यांनी घट्ट मिटून घेतले.